रसायनशास्त्राचं गाईड निवडताना आधी उत्तरांची पानं उघडा

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय: "मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. आता बेळगावात सेकंड पीयूसी सायन्सला, म्हणजे बारावीला, आहे. कर्नाटकची सीईटी आणि नीट दोन्ही देणार, महाराष्ट्राच्या सीईटीचाही विचार चाललाय. बाकीचे विषय जमतात, केमिस्ट्रीत मार्क पडत नाहीत. दुकानात गेलो तर पाच गाईडं पुढ्यात ठेवली. मला त्यातलं काही कळत नाही. कोणतं घेऊ?"

बेळगावात पीयूच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायला लागून मला वीस वर्षांहून जास्त काळ झाला. दर जूनमध्ये हा प्रश्न येतो, आणि दर वेळी मी गाईडचं नाव सांगायचं टाळतो. एकाच नावाचं गाईड एका वर्षी चांगलं निघतं आणि पुढच्या वर्षी घाईत छापलेलं असतं. म्हणून ते ओळखायचं कसं, एवढंच सांगतो. गाईड घ्यायचं ते त्यातल्या उत्तरांसाठी. प्रश्न काय, कुठेही मिळतात. मुखपृष्ठावर 'दहा हजार प्रश्न' लिहिलंय का, टॉपरचे फोटो आहेत का, यावर जाऊ नका. मागची पानं उघडा. बरोबर उत्तर का बरोबर, हे तिथं समजावलंय की नुसतं १-क, २-अ, ३-ड असं छापलंय? नुसती अक्षरं असतील तर ते गाईड तिथंच ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी. तुम्हाला केमिस्ट्री कळत नाही म्हणता, त्यानं अडत नाही. मुलीला बरोबर न्या, आणि दुकानात तासभर घालवायची तयारी ठेवा.

दोन वर्षांपूर्वी नंदगडच्या बाजूचा एक मुलगा माझ्याकडे आला. दप्तरात चार गाईडं, चारही खाकी कागदात नीट घातलेली. मला म्हणाला, "सर, अजून एक घेऊ काय? क्लासची पोरं दुसरंच घ्यालेत." मी चारही उघडून बघितली. प्रत्येकात पहिला धडा पेन्सिलीनं भरलेला, दुसऱ्याची पाचसहा पानं, आणि पुढं सगळं कोरं. सेकंड पीयूचा पहिला धडा द्रावणांचा. म्हणजे त्यानं सोल्युशन्स चार वेळा केला होता आणि शेवटाकडचा अमाईन्स एकदाही नाही. नवीन गाईड आणलं की पोरगं पहिल्या पानापासून सुरुवात करतं, त्या नव्या पुस्तकाचा हुरूप पंधरा दिवस टिकतो, आणि धडा मात्र तोच राहतो. मी त्याला पाचवं घेऊ दिलं नाही. चारातलं एक ठेवलं, बाकीची तीन त्याच्या समोर माझ्या कपाटात कुलूपबंद केली.

गाईडच्या आधी एक गोष्ट पक्की करा. मुलीकडे एनसीईआरटीचं पुस्तक आहे ना, आणि ती ते वाचते ना? आपल्या पीयू बोर्डाला तेच पुस्तक आहे आणि नीटचा पायाही तेच. सध्याच्या आवृत्तीत फर्स्ट पीयूचे ९ आणि सेकंड पीयूचे १० असे १९ धडे आहेत. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, आणि त्यांचं एक्झेम्प्लर नावाचं सरावाचं पुस्तकही तिथंच फुकट आहे. बऱ्याच मुलांना हे दुसरं पुस्तक माहीतच नसतं. धड्यातली मधली उदाहरणं आणि शेवटचा स्वाध्याय सोडवल्याशिवाय गाईडला हात लावू नये, असं मी वर्गात सांगतो. गाईड हे पुस्तकाच्या पुढचं काम आहे, पुस्तकाऐवजी नव्हे.

आता दुकानातली परीक्षा. मुलीला चांगला येणारा एखादा धडा निवडा. न येणारा निवडलात तर गाईड चुकतंय की आपण, हे कळणार नाही. समजा तिनं द्रावणांचा धडा निवडला. त्यात असा एखादा प्रश्न सापडेलच: पोटॅशियम सल्फेटच्या ०.१ मोलॅल जलीय द्रावणाचा गोठणबिंदू किती अंशानं खाली येईल? क्षाराचं पूर्ण विघटन होतं असं समजा, पाण्याचा स्थिरांक १.८६. पर्याय ०.१८६, ०.३७२, ०.५५८ आणि ०.७४४.

मग त्याचं उत्तर बघा. वाईट गाईडात 'क' लिहिलेलं असतं. मध्यम गाईडात ३ गुणिले १.८६ गुणिले ०.१ बरोबर ०.५५८, अशी एक ओळ असते, पण तो ३ कुठून आला हे नसतं. चांगल्या गाईडात लिहिलेलं असतं की पोटॅशियम सल्फेटचा एक घटक पाण्यात फुटला की पोटॅशियमचे दोन आयन आणि सल्फेटचा एक असे तीन कण होतात, म्हणून व्हॅन्ट हॉफ गुणक ३. आणि फारच चांगलं असेल तर पुढं हेही सांगतं की विघटन विसरलात तर ०.१८६ येईल, मिठासारखं दोनच कण धरलेत तर ०.३७२ येईल. प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय उगाच ठेवत नाही, मुलं जिथं घसरतात नेमके तेच आकडे तिथं असतात. ती घसरण दाखवणारं गाईड दुकानात मिळालं तर दुसरं बघू नका.

असे दहा प्रश्न दुकानात उभ्या उभ्या ताडून बघा. दहात एकाचं उत्तर चुकीचं छापलेलं निघालं तर माफ करता येईल, छपाईत होतं. दोन निघाली तर ते पुस्तक खाली ठेवा. चुकीची उत्तरसूची मुलीचं दुहेरी नुकसान करते. एक तर वेळ जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे बरोबर सोडवलेलं असूनही आपलंच चुकलं असं तिला वाटायला लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या बाबतीत हे मी फार जवळून बघितलंय. इंग्रजी छापील मजकुराशी वाद घालायचा धीर त्यांना व्हायला वेळ लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं एका गाईडातल्या चुकीच्या उत्तरासाठी स्वतःची बरोबर रीत खोडून टाकली होती, आणि पुढं तीन महिने ती तसंच चुकीचं करत राहिली. वही मी वेळेत तपासली असती तर ते टळलं असतं, याची टोचणी मला अजून आहे.

एक परीक्षा थिअरीचीही घ्या. नीटच्या अभ्यासक्रमात आता प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्राची तत्त्वं आहेत, आणि बरीच गाईडं हा भाग दोन पानांत उरकतात. गाईडात पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन शोधा. त्यात विरल सल्फ्युरिक आम्लच का घ्यायचं? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचंच ऑक्सिडीकरण करून क्लोरीन काढतं. नायट्रिक घेतलं तर ते स्वतःच ऑक्सिडीकारक. दोन्हीकडे ब्युरेटचं वाचन बिघडतं. ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करून घेतात आणि मोहर क्षाराचं करत नाहीत. तसंच वेगळा दर्शक लागत नाही, कारण परमँगनेटचा फिकट गुलाबी रंग टिकला की झालं. या चार गोष्टी कारणासकट दिल्या असतील तर लिहिणारा कधी तरी प्रयोगशाळेत उभा राहिलेला आहे असं समजा. आणि दिल्या नसल्या तरी फार वाईट वाटून घेऊ नका, मुलीचं प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड जपून ठेवायला सांगा. ते तिनं स्वतः हाताने केलेल्या कामाचं पुस्तक आहे, आणि या भागासाठी त्याहून चांगलं गाईड बाजारात मला दिसलेलं नाही.

आता भाषेचं. आपल्याकडच्या मुलांची अडचण केमिस्ट्रीत कमी आणि शब्दांत जास्त असते, असं माझं स्पष्ट मत झालंय. दहावीपर्यंत द्राव्य, द्रावक, आम्ल, उत्प्रेरक शिकलेल्या मुलीला जूनमध्ये अचानक सोल्युट, सॉल्व्हंट, अ‍ॅसिड, कॅटॅलिस्ट ऐकायला मिळतं. त्यात सीमाभागाची एक खास गंमत आहे, आणि ती मुलांना महागात पडते. 'क्षार' हा शब्द घ्या. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. कन्नड माध्यमातून आलेल्या मैत्रिणीकडे सॉल्टला 'लवण' म्हणतात आणि क्षार म्हणजे अल्कली, बेसला 'प्रत्याम्ल'. हिंदीत सॉल्ट लवण, बेस 'क्षारक'. तीन भाषांच्या मुली एका बाकावर बसून एकमेकींना समजावतात आणि क्षार म्हणताना दोघींच्या डोक्यात दोन वेगळे पदार्थ असतात. म्हणून लिपी ओळखीची आहे एवढ्यासाठी हिंदी गाईड घेऊ नका. दर वर्षी दोन-तीन पालक घेतात. अक्षरं वाचता येतात, पण तिसरी परिभाषा डोक्यात शिरते आणि गोंधळ वाढतो.

तिच्यासाठी इंग्रजी गाईडच घ्या, पण सोप्या इंग्रजीतलं. ओळखायला सोपं आहे: एक उत्तर तिला मोठ्यानं वाचायला लावा आणि मग पुस्तक मिटून ते मराठीत सांगायला सांगा. सांगता आलं तर भाषा तिच्या आवाक्यातली आहे. नीट मराठीतून देता येते हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. बेळगावचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. त्यासाठी कोल्हापूरचं केंद्र निवडणारी मुलं आहेत. दोन वर्षं सगळं इंग्रजीतून शिकल्यावर शेवटच्या दिवशी भाषा बदलू नये, असं मला वाटतं. शिवाय प्रादेशिक भाषेच्या पेपरात शंका आली तर इंग्रजी पाठच ग्राह्य धरतात.

तीन परीक्षा देणार म्हणताय, तर तिघींचे स्वभाव वेगळे आहेत हे लक्षात घ्या. कर्नाटक सीईटीत केमिस्ट्रीचे ६० प्रश्न, ६० मार्क, ८० मिनिटं. एका प्रश्नाला ८० सेकंद पडतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं ओएमआर उत्तरपत्रिकेवर एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, बरोबरला ४, चुकीला वजा १, आणि तिन्ही विषय मिळून १८० मिनिटं. तिथं अंदाजपंचे भरलेला गोल मार्क खातो. महाराष्ट्राच्या सीईटीत केमिस्ट्रीचे ५०, फिजिक्सचे ५०, दोन्ही मिळून ९० मिनिटं, निगेटिव्ह नाही, आणि परीक्षा संगणकावर.

यातली सर्वात खोल तयारी नीटची लागते. म्हणून मुख्य गाईड नीटच्या दर्जाचं घ्या, आणि कर्नाटक सीईटीसाठी मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा उत्तरांसकट एक संच. दोन पुस्तकं झाली, बास. तिसरं कशाला? मुलगी इंजिनिअरिंगकडे वळणार असेल तर अजून एक सांगतो. तिथं सीईटीच्या रँकमध्ये निम्मं वजन पीयूसीच्या मार्कांचं असतं. मार्चच्या लेखी परीक्षेत रासायनिक समीकरणं लिहावी लागतात, आकृत्या काढाव्या लागतात, पर्यायांवर गोल करून ते जमत नाही. नुसत्या ऑब्जेक्टिव्ह गाईडवर बसलेली मुलं तिथं मार खातात. त्यासाठी मात्र गाईड नको, वही हवी. आणि आपल्याकडे जे 'पासिंग पॅकेज' फिरतं, ते पास होण्यापुरतं बनवलेलं असतं. काठावरच्या मुलाला त्याचा खरा उपयोग होतो, तुमच्या मुलीला नाही.

आवृत्तीचं वर्ष नक्की बघा. एनसीईआरटीनं पुस्तकं कमी केल्यापासून सेकंड पीयूमधून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, धातू निष्कर्षण, पी-ब्लॉक, पॉलिमर्स आणि दैनंदिन जीवनातलं रसायन गेलं. फर्स्ट पीयूमधून वायू-द्रव अवस्था, हायड्रोजन, एस-ब्लॉक, पी-ब्लॉक, पर्यावरण गेलं. २०२४ च्या कर्नाटक सीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आले म्हणून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. चारही विषयांतले मिळून ५० प्रश्न शेवटी मूल्यमापनातून काढावे लागले. जुनी गाईडं मात्र हे धडे अजून मिरवतात. सेकंड हँड घेताना अनुक्रमणिका आणि त्या वर्षीचा केईएचा (कर्नाटकची सीईटी घेणाऱ्या संस्थेचा) आणि नीटचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून रेघ मारत जा. अर्धा तास लागेल, पण वर्ष वाचेल.

यात एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. पी-ब्लॉक नव्या एनसीईआरटीत नाही, पण नीटच्या अभ्यासक्रमात आहे, आवर्तसारणीतले गट १३ ते १८ सगळे. म्हणजे नवं पुस्तक पाठ केलेल्या मुलीलाही नीटमध्ये न वाचलेल्या भागावर प्रश्न येऊ शकतो. म्हणून गल्लीतल्या, नात्यातल्या कुणा मोठ्या मुलामुलीचं जुनं एनसीईआरटी पुस्तक माळ्यावर असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. फर्स्ट पीयूच्या जुन्या पुस्तकात १३ आणि १४ गट आहेत, सेकंडच्या जुन्या पुस्तकात १५ ते १८. गाईड घेतानाही पी-ब्लॉकचा धडा आहे का, हे वेगळं बघा. नसेल तर ते नीटचं गाईड नाही.

महाराष्ट्राच्या सीईटीबद्दल. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळी तरतूद आहे, त्यामुळं हा विचार योग्यच आहे. मराठी शाळेचे दाखले आत्ताच गोळा करून ठेवा. अभ्यासाच्या बाजूनं सांगायचं तर तिथं सुमारे ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतो, आणि आधार बालभारतीच्या पुस्तकाचा. त्यात बारावीचे १६ धडे आहेत. आपल्याकडं गेलेला सॉलिड स्टेट तिथं पहिलाच धडा आहे, पॉलिमर आहे, ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीही आहे. आयनिक इक्विलिब्रियम आपण फर्स्ट पीयूला शिकतो, तो तिथं बारावीत. तेव्हा वेगळं जाडजूड गाईड न घेता बालभारतीचं पुस्तक उतरवून घ्या, तेही फुकट मिळतं, आणि आपल्याकडे नसलेले तेवढेच धडे त्यातून करायला सांगा. हे काम पीयूची लेखी परीक्षा संपल्यावर हाती घेतलं तरी चालतं.

जाडीबद्दल एक हिशेब मांडतो. १९ धडे, प्रत्येकी ७० चांगले प्रश्न धरले तर १,३३० होतात. रोज १५ सोडवले, तर साधारण ८९ दिवस. हा सोडवण्याचा हिशेब, चुकलेले परत करण्याचा नाही. परत करायला निदान तेवढेच दिवस धरा. कॉलेज, लॅब, खानापूरची बस, पावसाळ्यातलं लाईट जाणं, सगळं धरून जून ते मार्चमध्ये एवढंच बसतं. दीड हजार पानांचं गाईड ज्या घरात येतं त्या घरात ते पूर्ण झालेलं मी क्वचितच बघितलंय. बाराशे-तेराशे निवडक प्रश्न आणि प्रत्येकाचं नीट उत्तर, एवढं असलेलं पुस्तक भरपूर झालं.

घेतल्यावर वापरायचं कसं तेही सांगतो, नाहीतर तेही खाकी कागदात राहील. पहिल्या धड्यापासून सुरुवात करू देऊ नका. ज्या धड्यात मार्क गेले तिथून करू द्या. मुलीचा मागचा टेस्ट पेपर काढा, चुकलेल्या प्रश्नांपुढं कारण लिहायला लावा: सूत्र माहीत नव्हतं, इंग्रजी कळलं नाही, की आकडेमोड चुकली. इंग्रजी कळलं नाही असं जास्त वेळा आलं तर गाईड बदलून काहीच होणार नाही. एक पन्नास पानी वही घ्या, तीन रकाने पाडा, इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आणि तिच्या स्वतःच्या भाषेत एक ओळ. वर्गातल्या कन्नड मैत्रिणीसाठी चौथा रकाना पाडला तर दोघींचं भलं होईल. माझ्याकडच्या एका मुलीनं अशी वही केली होती, क्षार या शब्दापुढं तिनं तिन्ही भाषांतले अर्थ लिहून लाल शाईनं चौकट केली होती.

या शनिवारी दुकानात जाणार असाल तर मुलीबरोबर एनसीईआरटीचं पुस्तक, तिचा टेस्ट पेपर आणि एक पेन्सिल द्या. पाचही गाईडांत पोटॅशियम सल्फेटसारखा एकेक प्रश्न शोधायला सांगा आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचू द्या. दुकानदार घाई करेल. करू दे. पैसे तुम्ही भरणार आहात, आणि वर्षभर त्या पानांसमोर ती बसणार आहे. तिनं ज्या पुस्तकाकडे बोट दाखवून 'हे मला कळालं' म्हटलं, ते घेऊन या.